रुमाल धरणारा

माझी धाकटी मुलगी बेलापूरला एका कंपनीत आहे, माणसं नेमायच्या खात्यात. परवा जेवताना मी फोनवर एका टेम्पोवाल्याला फैलावर घेत होतो, तेव्हा ती आईकडे बघून म्हणाली, "पप्पांचा ईक्यू झिरो आहे." मी फोन ठेवला आणि विचारलं, हे काय असतं? म्हणाली, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायची अक्कल. हल्ली कॉलेजात ते शिकवतात, त्याची परीक्षासुद्धा असते. माझं डोकं फिरलं. समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखूनच मी फळबाजारात स्वतःचा गाळा केला, घर बांधलं आणि हिला शिकवलं. ताट तसंच ठेवून मी गॅलरीत जाऊन बसलो. पण खरा राग तिच्यावर नव्हता. ती जन्मायच्या आधीच एका सरांनी माझ्याबद्दल हेच एका शब्दात लिहून ठेवलं होतं. तो शब्द होता 'अल्प'. बायको म्हणते, किती वर्षं धरून बसणार? मी म्हणतो, जोपर्यंत बोटांत जोर आहे तोपर्यंत.

तेव्हा आम्ही कोपरखैरण्यात सिडकोच्या बैठ्या घरात राहायचो. बैठं ते नावापुरतं. गल्लीतल्या प्रत्येकानं वर एक माळा चढवला होता, आमच्या नानांनीही चढवला. बाहेरून लोखंडी जिना, वर एक मोठी खोली आणि मोरी. ती खोली आम्ही कॉलेजच्या पोरांना भाड्यानं द्यायचो आणि त्यांची जेवणं खाली आईकडे असत. नाना, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडचे. तरुणपणी बाजारात पाठीवरून पेट्या वाहिल्या. पाठ गेली तेव्हा आडत्यानं त्यांना गाळ्यावर उभं केलं. आई दिवसभर स्टोव्हपुढे. घराला स्वतःचे आवाज होते. सकाळी भाकरी थापल्याचा, मग गावातून मासे घेऊन येणाऱ्या बायकांच्या हाळीचा, दुपारी शेजारच्या रेडिओचा, आणि सगळ्यांवर त्या लोखंडी जिन्याचा. कोण उतरतंय हे आई मान न वळवता सांगायची. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांच्या पट्ट्यातून गोडसर, घशात अडकणारा वास यायचा आणि आई खिडकी लावून घ्यायची. आज त्या गल्लीत चार-चार मजले झालेत, खाली मोबाइलची दुकानं आहेत. आमचा जिना भंगारवाल्यानं नेला. मी त्याच्याशी भावावरून भांडलो, पण जिना नेताना बघायला थांबलो नाही.

वर तिघं राहायचे, तिघंही माझ्याच वर्गातले. जोसेफ टांझानियाचा, उंच, भारदस्त आवाजाचा. बिशन नेपाळच्या डोंगरातला, गोल चेहऱ्याचा, कायम हसरा. आणि अब्दी सोमालियाचा, काटकुळा, कमी बोलणारा. आमची आपसातली भाषा म्हणजे हिंदी, इंग्रजी आणि मराठीची खिचडी होती. अब्दीचं हिंदी सगळं सिनेमातलं. त्याच्या गावात म्हणे आपलेच पिक्चर लागायचे. त्यामुळे तो मीठसुद्धा नायकाच्या थाटात मागायचा. त्याच्या देशात लढाई पेटली होती. घर जळलं होतं. परत जायला जागा नव्हती आणि इथं राहायचा परवाना कॉलेज चालू आहे तोपर्यंतच होता. हे त्यानं एकदाच सांगितलं, तेही आम्ही खोदून विचारलं म्हणून.

ही माणसं कशी आहेत ते आम्हाला आधी जेवणावरून कळलं. अब्दी आमटीभातात केळं कुस्करायचा. पहिल्या दिवशी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आरं बाबा, परसाद हाय व्हय त्यो?" महिनाभरात ती स्वतःच त्याच्या ताटाशेजारी केळं ठेवायला लागली, आणि नाना बाजारातून येताना त्याच्यासाठी केळ्यांची फणी घेऊन यायचे. जोसेफला भाकरी फार आवडे, कारण त्याच्या आईच्या हातच्या मक्याच्या उकडीसारखी ती पोटात धरून राहते असं तो म्हणे. पण तो थेट काही मागत नसे. आधी सगळ्यांची चौकशी व्हायची. "नाना, पाठ कशी आहे? मावशी, झोप झाली? शेजारच्या काकूंचा गुडघा?" नाना म्हणायचे, "ह्यो मिठापातुर पोचस्तवर माझी भाकरी सरती." आणि बिशन. बिशनला काही वाढायला गेलं की तो ताटावर पंजा आडवा धरायचा. "पुग्यो मावशी, पुग्यो." म्हणजे पुरे, पोट भरलं. आई सरळ म्हणायची, "हात काढ." तो पुन्हा म्हणायचा, पुग्यो. आई पुन्हा, "हात काढ, न्हायतर हातावर वतीन." तिसऱ्यांदा तो हात काढायचा आणि मग असा जेवायचा की आई समाधानानं बघत राहायची. पहिल्या 'नको'ला खरं मानायचं नाही हे आईला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. आम्ही वर्गात त्याच्या शेजारी बसणारे. आमच्या डोक्यात ते जेवणाच्या ताटापलीकडे कधी गेलंच नाही.

आंब्याच्या पहिल्या पेट्या बाजारात आल्या तेव्हा मी तिघांना म्हटलं, चला, आमचं कॉलेज दाखवतो. दोघं झोपून राहिले, अब्दी एकटा आला. फळबाजाराचा तो मोठा पत्रा, खाली गवताचा आणि पिकत्या आंब्याचा वास, हमालांची "बाजू, बाजू" अशी ओरड, ट्रकांचे हॉर्न. नाना गाळ्यावर उभे होते. समोर आंब्याची पेटी उघडलेली, भोवती व्यापारी. त्या काळात तिथे आंब्याचा भाव तोंडानं बोलत नसत. नानांनी खांद्यावरचा पंचा उजव्या हातावर टाकला, आम्ही त्याला रुमालच म्हणायचो. एका व्यापाऱ्यानं त्याखाली हात घातला. बाहेरून फक्त कापड हललेलं दिसायचं. आत बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा. एकाचा हात झाला की दुसऱ्याचा. कोणी किती दिले ते शेजारी उभ्या असलेल्याला कळत नसे. शेवटी नाना ज्याचा सौदा झाला त्याच्या हातावर टाळी द्यायचे, बाकीचे पांगायचे. हल्ली यावर बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. त्या कापडाखाली शेतकऱ्याला बुडवणारे हातही मी पाहिलेत. पण नानांचा हात तसला नव्हता.

मी अब्दीला समजावून सांगायला वळलो, तर तो जागच्या जागी थिजलेला. ओठ उघडे. मला वाटलं, गर्दीनं चक्कर आली. तो म्हणाला, "ये तो मेरे मामा का है."

"काय मामाचं?"

"ये कपडा. ये हाथ."

त्याचा मामा उंटांच्या बाजारात दलाल होता. वाळवंटाच्या कडेचा बाजार, उन्हात गुडघे मुडपून बसलेले उंट, आणि मामा खांद्यावरची चादर हातावर टाकून आत बोटं धरतो. हे सगळं तो भराभर सांगत होता, एरवी महिन्यात बोलायचा नाही इतकं. मी नानांना सांगितलं. नानांचा विश्वास बसेना. "असं म्हनतोस? ये हिकडं." त्यांनी पंचा पसरला. अब्दीनं आत हात घातला. कापड थोडं हललं. नानांनी भुवया वर केल्या. परत हललं. मग नाना एवढ्या मोठ्यानं हसले की दोन गाळे सोडून बसलेल्या आडत्यानं मान बाहेर काढली. "आरं दिन्या, ह्याला येतंय! पंजाला पाच, बोटाला एक, समदं तेच!"

मी आजवर इतकी माणसं, इतकी गावं पाहिली, पण त्या सकाळी अंगावर आलेला काटा पुन्हा कधी आला नाही. आमच्या खाडीचं पाणी ज्या समुद्राला मिळतं तोच समुद्र ओलांडून पलीकडे अब्दीचा किनारा. मधे कधीतरी शिडाच्या गलबतातून कोणीतरी खजूर घेऊन आला असेल, कोणीतरी आंबे घेऊन गेला असेल, आणि भाषा येत नव्हती म्हणून दोघांनी कापडाखाली एकमेकांची बोटं धरली असतील. कोणी कोणाला शिकवलं? नानांना माहीत नव्हतं, अब्दीच्या मामालाही नसेल. दोघांनी मग पेटीवर बसून चहा घेतला आणि मला दुभाष्या करून एकमेकांचे नियम पडताळून पाहिले. कापडाखाली झालेलं बाहेर सांगायचं नाही, दोन्हीकडे तेच. नाना म्हणाले, "आन् रुमाल धरनाऱ्यानं सोता माल घ्यायचा न्हाय. घेतला की त्याच्या हातावर कुनी इस्वास ठेवत न्हाय." मी हे अब्दीला सांगायला लागलो, तर त्यानं मान हलवून मला मधेच थांबवलं. त्याचा मामा आयुष्यभर उंट विकत होता, पण ज्या सौद्यात चादर धरली त्यातला एक उंट त्यानं कधी स्वतःसाठी घेतला नाही. हे सांगताना त्याचा आवाज असा झाला होता की नानांनी भाषांतराची वाट न बघता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या सरांनी तो खेळ मांडला. हे सर आम्हाला व्यक्तिमत्त्व विकास शिकवायचे. कडक इस्त्री, मऊ आवाज. आम्हा चौघांचा एक गट केला होता. सर म्हणाले, बंदरावरच्या एका जहाज कंपनीला कॉलेजमधून एक शिकाऊ मुलगा हवा आहे. त्यांची जहाजं परदेशी जातात, तेव्हा बाहेरचा मुलगाही चालेल. "जागा तुमच्या गटाला. कोणी जायचं ते तुम्हीच ठरवा. चौघांचं एकमत हवं. सोमवारपर्यंत झालं नाही तर जागा दुसऱ्या गटाला. तुम्ही निर्णय कसा घेता, ते मी फक्त बघणार."

मला ती जागा हवी होती. सरळ सांगतो. नानांनी पाठ मोडेपर्यंत पेट्या वाहिल्या त्या मी पंख्याखाली बसावं म्हणून, आणि ते येताजाता ते बोलूनही दाखवायचे. अब्दीला तर ती माझ्यापेक्षा जास्त हवी होती. कंपनीचं पत्र मिळालं तर राहायचा परवाना वाढेल, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. जोसेफला हवी होती, पण त्याच्या बापाचं दुकान होतं, नाही मिळाली तर तो घरी जाणार होता. बिशनला विचारलं तर तो हसला. "मला कुठेही चालतं. तुम्ही ठरवाल ते."

सरांसमोर आमची पहिली बैठक झाली. मी बाजारातल्यासारखा सुरू झालो. माझे मार्क किती, मला मराठी येतं, बंदरावर मराठीच लागतं. बाकावर मूठ आपटून बोललो. जोसेफ म्हणाला, घाई नको, प्रत्येकानं पूर्ण बोलावं, मग परत प्रत्येकानं, जोपर्यंत सगळ्यांचं एकच बोलणं होत नाही तोपर्यंत. त्याच्याकडे झाडाखाली बसून असंच करतात. मी म्हटलं, "अरे, सोमवार आहे सोमवार! झाड नाहीये इथं!" बिशन मी बोललो की मला 'हो' म्हणायचा आणि जोसेफ बोलला की जोसेफला. अब्दी गप्प. सर कोपऱ्यात बसून काहीतरी टिपत होते. त्यानंतर घरी वरच्या माळ्यावर आम्ही रोज भांडलो. माझ्या आवाजानं शेजारचा रेडिओ बंद व्हायचा. खालून नाना ओरडायचे, "आरं, इकाय काढलंय का काय घर?"

रविवारी दुपारी आम्ही खाली जेवायला बसलो होतो आणि ताटावरही तेच चाललं होतं. अब्दीनं केळं अर्धवट ठेवलं, हात धुतला, आणि नानांसमोर जाऊन उभा राहिला. "नाना, रुमाल द्याल?" मग आमच्याकडे वळला. "आज कापडानं ठरवू. मी धरतो. आत हात घाला आणि सांगा, जागा किती हवी. एक बोट म्हणजे मिळाली तर बरं. पाच म्हणजे नाही मिळाली तर मी संपलो. बाहेर मी फक्त नाव सांगेन."

जोसेफला पटलं. बिशननं नेहमीसारखी मान डोलावली. ते दोघं त्या सकाळी बाजारात आले नव्हते. त्यांना वाटलं, अब्दी स्वतःची बोटंही मनातल्या मनात धरेल. पण माझ्या हातातला घास तसाच राहिला. रुमाल धरणाऱ्यानं माल घ्यायचा नाही. मी नानांकडे पाहिलं. नाना खाटेवरून उठून उभे राहिले होते. घरात आडत्या आला तरच ते असे उठायचे. मला हळूच म्हणाले, "ह्याला ठावं हाय ना, काय करतोय ते?"

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

नानांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, आणि दोन्ही हातांनी त्याला दिला.

पहिला जोसेफ. त्यानं हात घातला, हसला, काढला. मग बिशन. चेहऱ्यावर तेच हसू, जणू कोणाच्या लग्नात बसलाय. पण कापड थांबेना. त्याची कड लटलटत होती, आणि अब्दीचा खांदा हळूहळू पुढे ओढला जात होता. आई स्टोव्हजवळून बघत होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही. शेवटी अब्दीनं स्वतःचा हात अलगद सोडवून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी आत हात घातला. कापडाखाली अंधार नसतो, पण आपण डोळे मिटल्यासारखे होतो. त्याचा तळवा कोरडा, गरम होता, अंगठ्याच्या मुळाशी जुनी जखम. मी ठरवून आलो होतो की पुरा पंजा आवळायचा. भाव वरूनच सुरू करायचा असतो. आणि समोर हा बसलेला, ज्यानं स्वतःचा माल आधीच बाजूला ठेवून दिला होता. मी किती बोटं दाबली ते सांगणार नाही. बायकोनं विचारलं, मुलीनं विचारलं, नानांनी मरेपर्यंत विचारलं नाही. नियम म्हणजे नियम.

अब्दीनं पंच्याची घडी घातली. म्हणाला, "बिशन."

जोसेफ हसलाच. "बिशन? त्याला तर नकोच आहे!"

बिशनही हसत होता. दोन्ही पंजे पुढे आडवे धरून म्हणाला, "नाही नाही, दिनूला द्या. त्याला हवीये." बिशन परत म्हणाला, "मग अब्दीला द्या. मला खरंच काही नको." आणि त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की हा नाही म्हणतोय तर बरंच आहे. तोंड उघडणार एवढ्यात आई उठली. पदराला हात पुसत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"थांबा रं समदी. ह्याचं नको मला इचारा." मग बिशनकडे बघून, रोज म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, "हात काढ."

बिशननं हात खाली घेतले. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्यावरून पाणी वाहायला लागलं. मग तो बोलला. त्याचा थोरला भाऊ तुर्भ्याला एका कारखान्यात रखवालदार होता, त्याच्याच पगारावर हा शिकत होता. भाऊ जिन्यावरून पडून कमरेतून गेला होता, त्याला गावी पोचवलं होतं. कारखान्यानं सांगितलं होतं, भावाचा डंडा आणि शिट्टी धाकट्यानं घ्यावी. परीक्षेनंतर तो घेणार होता. हे त्यानं आम्हाला का सांगितलं नाही? "तुम्हाला हवी होती ना," तो म्हणाला. "तुम्ही विचारत होता, कोणाला हवी. हवी असलेले आधीच होते."

जोसेफ उठला, त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला आणि पहिल्यांदाच कोणाची चौकशी न करता म्हणाला, "तूच जा." मीही म्हणालो. आईनं करपलेली भाकरी बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

मी मात्र तसा सोडणारा नाही. संध्याकाळी अब्दीला लोखंडी जिन्यावर गाठलं. "शहाणा समजतोस स्वतःला? तुझा परवाना संपतोय. कुठं जाशील?"

"बघू."

"रुमाल मी धरला असता! नानांनी धरला असता!"

"तू धरला असतास तर जोसेफनं हात घातला नसता, यार. तू एवढा ओरडत होतास." तो हसला. मग गंभीर झाला. "नाना तुझे बाबा आहेत. सगळ्यांना वाटलं असतं, ते तुझ्यासाठी धरतायत."

"पण तुलाही हवी होती!"

"हां. इसीलिए तो मैंने पकडा. ज्याला काही नकोय, त्यानं रुमाल धरला तर त्यात काय मोठं?"

मी लोखंडी कठड्यावर लाथ मारली. पायाला लागलं. तो पायरीवर बसून माझा अंगठा बघायला लागला.

सोमवारी सरांनी विचारलं, निर्णय कसा घेतला? जोसेफ म्हणाला, चर्चेनं. "चर्चेत काय झालं? कोणी काय मुद्दे मांडले? मतं कशी पडली?" आम्ही गप्प. सांगायचं तर कापडाखालचं बाहेर सांगावं लागलं असतं. मी आतून उकळत होतो, मी तोंड उघडलंसुद्धा. बाकाखाली अब्दीनं माझ्या मनगटावर एक बोट ठेवलं. मी दात आवळून बसलो. आठवड्यानं शेरे लागले. गटाला: प्रक्रिया अस्पष्ट. जोसेफ: नेतृत्वगुण उत्तम. बिशन: समाधानी, महत्त्वाकांक्षा कमी. मी: इतरांच्या भावना ओळखण्याची क्षमता अल्प. आणि अब्दीच्या नावापुढे: निर्णयात सहभाग नाही.

घरच्यांना वाटतं मी त्या 'अल्प'वर अडून बसलोय. तो तर आहेच, तो मी माफ करणार नाही. पण सर, तुम्ही आज कुठे असाल ते माहीत नाही, 'सहभाग नाही' हे तुम्ही कोणाच्या नावापुढे लिहिलंत? मला चिडका म्हणा, ते मला परवडतं. मी बाजारात उभा राहिलो, नानांनी सोडलेल्या जागेवरून सुरुवात केली, आणि ज्याच्याकडे नाना पगारी होते त्याच्या शेजारी माझा गाळा झाला. पंखा मिळाला, जरा उशिरा. पण जेव्हा जेव्हा कोणी मला म्हणालं की धंद्यात प्रत्येक जण स्वतःपुरतं बघतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर घडी घातलेला एक पंचा आला आणि मी गप्प झालो. मला गप्प करणारं दुसरं काही या जगात नाही.

बिशन बंदरावर लागला. पहिल्या दिवशी आईनं त्याला दही-साखर दिली. त्यानं पंजा आडवा धरला आणि सगळे हसले. आज त्याची स्वतःची माल पाठवायची कंपनी आहे काठमांडूला. अब्दीचा परवाना वाढला नाही. दिवाळीच्या आधी त्याच्या बहिणीनं कुठल्यातरी थंड देशातून तिकीट पाठवलं. निघायच्या दिवशी आईनं त्याला डब्यात भात आणि वर एक केळं बांधून दिलं. विमानात हे चालतं का, तिला ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी उभी होती. नाना त्याची बॅग उचलायला वाकले, त्यानं त्यांना वाकू दिलं नाही.

मला मात्र राहवलं नाही. मी नानांच्या खांद्यावरून पंचा ओढला आणि आमच्या हातांवर टाकला. म्हटलं, "आता तू धरणारा नाहीस. आता सांग. त्या दिवशी तू या बाजूला असतास, तर किती?"

तो माझ्याकडे बघत राहिला. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. मग कापडाखाली त्याची बोटं माझ्या बोटांवर आली. एक. दोन. तीन. चार. मग सगळा पंजा, आणि त्यानं तो इतका घट्ट आवळला की माझी हाडं एकमेकांवर घासली. आणि तो सोडेना. बिशनच्या वेळी त्याचा खांदा का ओढला गेला होता, ते मला तेव्हा कळलं. नियम मोडला असं कोणी म्हणू नये. तो सौदा नव्हता, म्हणून सांगतो आहे.

टॅक्सी वळली. नाना माझ्या हातातला पंचा घेत म्हणाले, "काय रं, काय ठरलं?"

"काही नाही नाना," मी म्हटलं. "नुसता हात धरला होता."

नानांनी पंचा झटकला नाही. तसाच खांद्यावर टाकला आणि आम्ही घराकडे वळलो.